खरवडलेलं वळण

शिवदास मयेकरांनी गच्चीवरच्या सतरंजीवर सोसायटीचा नकाशा उलगडला, वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या, आणि सगळे जण वाकून बघायला लागले. चंद्रप्रकाश घाडीही वाकला. बाकीच्यांना ए विंग दिसली, बी विंग दिसली, कंपाउंडची भिंत दिसली, भिंतीपलीकडून सरळसोट गेलेला नाला दिसला. चंद्रप्रकाशला बी विंगच्या चौकटीत एक ढग दिसला. ढग म्हणजे काय, कागदावरचा एक फिकट निळसर डाग, वीतभर लांब, विळ्यासारखा वाकलेला. अकरा वर्षांपूर्वीच्या प्रिंटवर डाग असायचेच. कुणी म्हणेल चहा सांडला, कुणी म्हणेल ओल धरली. पण त्या डागाच्या जागी आधी काय होतं, हे ठाऊक असलेली तीनच माणसं. त्यातलं एक कधीच देवाघरी गेलं होतं, दुसरं नाल्यापलीकडच्या झोपडीत राहत होतं, आणि तिसरं आत्ता, चारचौघांत, भर उजेडात त्या डागाकडे बघत होतं.

ट्रेसिंगच्या कागदावर शाईची रेघ चुकली तर ती रबरानं जात नाही. अर्धं ब्लेड चिमटीत धरायचं आणि हलक्या हातानं ती रेघ खरवडायची, जरा जरा, श्वास रोखून. मग नखाच्या पाठीनं जागा घासून गुळगुळीत करायची. हात जड पडला की कागदाला भोक, आणि चार दिवसांचं काम पाण्यात. हे ज्याला जमतं त्याला ड्रॉइंग ऑफिसात मान असतो. चंद्रप्रकाशला फार चांगलं जमायचं. इतर ट्रेसर आपापल्या चुका त्याच्याकडे घेऊन यायचे, यार घाडी, जरा बघ ना, आणि तो आधी आढेवेढे घेऊन मग ब्लेड काढायचा. खरवडलेली जागा ट्रेसिंगवर कुणाच्या बापाला दिसत नसे. फक्त तिथून उजेड नीट जात नाही. म्हणून अमोनियाची प्रिंट काढली की त्या जागी ढग उठतो. एवढाच काय तो पुरावा. आणि नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, ज्या चौकटीत ट्रेस करणारा आपली अद्याक्षरं घालतो, तिथं बारीक, तिरप्या, त्याच्या वयाच्या सव्विसाव्या वर्षीच्या ऐटबाज अक्षरात लिहिलेलं होतं: चं. घा.

पाणी येऊन गेलं त्याला आज नववा दिवस होता. बी विंगच्या तळमजल्यावर छातीएवढं चढलं होतं. या नऊ दिवसांत मुलुंडात दुसरा विषय नव्हता. दळण टाकायला जावं तर गिरणीवाला डोंगरावर झाडं तोडणाऱ्यांच्या नावानं शंख करत होता. रॉकेलच्या रांगेत असं ठरलं होतं की गोठ्यांतलं शेण नाल्यात जातं, त्यानंच सगळी वाट लागली. ए विंगमधल्या कुंदाताई म्हणत होत्या की यंदाच्या पंचांगात हे स्वच्छ दिलंय, कुणी वाचत नाही त्याला त्या काय करणार. नगरसेवक गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून पाहणीला आला तोवर पाणी ओसरून रस्ता वाळला होता, तरी तो बिचारा बूट घालूनच सगळीकडे फिरला, घामानं निथळला. आणि आता गच्चीवर, आभाळानं जरा उघडीप दिलेल्या या संध्याकाळी, सगळी मतं वाहत वाहत एका जागी येऊन थांबली होती: पलीकडच्या काठावरच्या बावीस झोपड्या. त्यांनी नाला अडवला. त्यांनी कचरा टाकला. त्या नव्हत्या तेव्हा कधी पाणी आलं होतं का, असं कुणीतरी विचारलं. खरं तर त्या नव्हत्या तेव्हा ही सोसायटीही नव्हती. पण एवढा विचार करायला कुणाला सवड होती. लोकांच्या गाद्या कुजल्या होत्या, रेशनकार्डांचा लगदा झाला होता, मालन सामंतांच्या लेकीच्या लग्नातले फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. रागाला काहीतरी धरायला हवं होतं.

शिवदास मयेकर वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. विमा कचेरीतला साधा हेडक्लार्क. पाणी आलं त्या दिवशी यानं स्वतःच्या घरचं तांदळाचं पिंप जिन्यात आणून ठेवलं होतं आणि ज्याला हवं त्यानं घ्या म्हणाला होता. तो आता शांतपणे सांगत होता की नगरसेवकाशी बोलणं झालंय. सोमवारी शिष्टमंडळ वॉर्ड ऑफिसात जाणार. अर्ज तयार आहे, सह्या होतील, फक्त सोबत एक स्वच्छ नकाशा हवा. नाला कसा जातो, झोपड्यांनी कुठं दाबलाय. नकाशा असला तर आठ दिवसांत झोपड्या हलतील, असा शब्द मिळालाय. मग तो चंद्रप्रकाशकडे वळून म्हणाला की आपल्यात ड्राफ्ट्समन असताना बाहेरचा माणूस कशाला, घाडी, रविवारपर्यंत होईल ना? चंद्रप्रकाशनं मान हलवली. खरं सांगायचं तर त्याची मान त्यालाच न विचारता हलली. वरिष्ठांनी काम सांगितलं की हलायची तशी.

खाली घरात ब्लीचिंग पावडरचा आणि ओल्या लाकडाचा वास भरून राहिला होता. भिंतीवर चारी बाजूंनी पाण्याची रेघ उमटली होती, चॉकलेटी, लेव्हल लावून मारल्यासारखी. तिच्याकडे त्याचं पुन्हा पुन्हा लक्ष जायचं. अण्णा, त्याचे वडील, पुढच्या खोलीत लोखंडी खाटेवर पडून होते. तीस वर्षं परळच्या गिरणीत साचे चालवलेला माणूस, आता गुडघे गेले होते, ऐकू कमी यायचं. दहा वर्षांची क्षमा वह्यांची पानं दोरीवर चिमट्यांनी वाळत घालत होती. सुगंधानं, त्याच्या बायकोनं, वर काय ठरलं ते विचारलं. त्यानं सांगितलं. ती भांडी पुसत ऐकत राहिली, मग म्हणाली, त्या झोपड्यांत कुंडलिकचीपण आहे ना. तो म्हणाला, आहे. मग तिनं नऊ दिवसांत तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला.

"अहो, तो त्या दिवशी जुनी वाट म्हणाला, ती कुठली?"

त्या दिवशी, सकाळी आठच्या सुमाराला, चंद्रप्रकाश डबा पिशवीत घालून कामावर निघायच्या बेतात होता. भांडुपच्या कारखान्यात तो आता यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढायचा. इमारतींचं काम त्यानं केव्हाच सोडलं होतं. अंगणात घोट्याएवढं पाणी साचलं होतं, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, दरवर्षी साचायचं. तेवढ्यात दार धाडधाड वाजलं. दारात कुंडलिक, डोक्याला पोत्याची खोळ, धापा टाकत. पुलावरून पळत आला होता. घाडीसाहेब, तो म्हणाला, पाणी जुन्या वाटेनं यायलंय, म्हातारबाबाला वर न्या. एवढंच. आणि चंद्रप्रकाशनं कसलं पाणी, कुठली वाट असं काहीच विचारलं नाही. तो तसाच आत गेला, क्षमाला जिन्याकडे पिटाळलं, सुगंधाला दागिन्यांचा डबा घ्यायला सांगितलं. तोवर कुंडलिकनं अण्णांना पाठुंगळी घेतलंसुद्धा होतं. ते पहिल्या मजल्यावर पोचले आणि दहा मिनिटांत मागची कंपाउंडची भिंत बसली. शेजारचे रतन पालव, पुढच्या ब्लॉकमधले दोघं तिघं, सगळे शेवटी छातीएवढ्या पाण्यातून बाहेर आले. फक्त घाडींना आधी कळलं. सुगंधाच्या डोक्यात हेच घर करून बसलं होतं. तिला तिच्या नवऱ्याचा चेहरा आठवत होता. दार उघडून ती बातमी ऐकल्यावर त्याला नवल वाटलं नव्हतं.

कुठली वाट म्हणजे काय, घाईघाईत म्हणाला असेल काहीतरी, खेड्यातला माणूस आहे, असं चंद्रप्रकाश पुटपुटला. स्वतःचाच आवाज त्याला आवडला नाही. पुढच्या खोलीच्या खिडकीतून समोरचा उंबर दिसत होता. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यातही तो तिथंच होता, जरा बारीक होता इतकंच. तेव्हा इथं भाताची खाचरं होती आणि नाला कोरडा ठणठणीत. चंद्रप्रकाशला मुळात टेबलावरचं काम, पण सर्व्हेला माणूस कमी होता म्हणून साहेबांनी त्याला दोन दिवस पाठवलं. टेपचं दुसरं टोक धरायला कुंडलिक. बाहत्तरच्या दुष्काळात जालन्याकडून बायकोला, सोनूबाईला, घेऊन आलेला, अंगानं काटकुळा, कामाला वाघ. तो रस्त्यावरच्या दगडी पुलाच्या कठड्यापासून उंबराच्या रोखानं वीस वीस फुटांवर लाकडी खुंट्या ठोकत निघाला, प्रत्येक खुंटीच्या डोक्याला चुना लावत. सात खुंट्या सरळ. सातव्या खुंटीशी नाला कोपरात हात दुमडावा तसा वळला होता आणि खाचरांना वळसा घालून पलीकडे निघून गेला होता. दुपारी दोघं त्या सातव्या खुंटीशी, वळणातल्या वाळूवर, उंबराच्या सावलीत भाकरी खायला बसले. कुंडलिकनं वाळूत हातभर खड्डा खणला तर आत गार पाणी. मे महिन्यात. दोघांनी ओंजळीनं प्यायलं. पाणी गोड होतं. ते पाणी चंद्रप्रकाशला आजही जिभेवर आठवत असे, आणि तरीही गेल्या आठ वर्षांत, या घरात, एकदाही ते कुठं प्यालो असा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता. याला काय म्हणावं.

नकाशा साहेबांपुढे गेला तेव्हा साहेबांनी वळणावर पेन्सिलीचं टोक ठेवलं. म्हणाले, घाडी, हे असं राहिलं तर बी विंग बसत नाही. जरा सरळ कर, नाला नंतर बांधूनच घेणार आहेत. त्यांच्या बोलण्यात कसला डाव नव्हता, चहात साखर कमी आहे म्हणावं तितक्या सहज म्हणाले. आणि चंद्रप्रकाशनं केलं. अर्धा तास लागला. भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. खरं सांगायचं तर मजा आली. वळणाची रेघ दुहेरी होती, खाली डोंगरउताराच्या रेघा होत्या, त्या न दुखावता वरचीच तेवढी काढायची होती. साहेबांनी ट्रेसिंग डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि त्यांना खूण सापडली नाही. वा, म्हणाले. ते वा त्यानं परळच्या चाळीत घरी येऊन सुगंधाला सांगितलं होतं. तेव्हा लग्नाला सहा महिने झाले होते, तिला काय कळायचं होतं, तीसुद्धा वा म्हणाली. पुढं नाला बांधला, पण निम्म्या रुंदीचा. वळणात भरणी पडली, भरणीवर बी विंग उभी राहिली. अण्णांना जिने चढवेनात, तेव्हा घर शोधताना त्याला पहिल्यांदा हीच इमारत आठवली. इथला प्रत्येक दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो हे त्याला पाठ होतं. स्वतःच्या हातानं काढलेलं घर, याचा त्याला कोण अभिमान. तळमजल्याची चावी हातात घेताना नाला त्याला आठवला नाही, कारण कागदावर तो नव्हता, आणि ट्रेसरचा विश्वास जमिनीवर नसतो, कागदावर असतो. दुसऱ्या कुणाला साहेबांनी किंवा बिल्डरनं फसवलं असेल. याला यानं स्वतःच फसवलं, आणि मग आठ वर्षं त्या फसवणुकीत सुखानं झोपला.

शनिवारी दुपारी त्यानं पाट मांडला, कागद लावला. पेन भरलं. पूल काढला, रस्ता काढला, दोन्ही विंग काढल्या. मग नाला काढायला घेतला आणि हात पट्टीला लावून सर्रकन सरळ गेला. रेघ इतकी सुरेख आली की त्याच्या अंगावर काटा आला. आता फक्त पलीकडच्या काठावर बावीस लहान चौकोन काढायचे, ते नाल्यात थोडे पुढे सरकवायचे, झालं. साधं काम होतं. एक चौकोन काढून झाल्यावर तो कुंडलिकचा की त्याच्या शेजारच्या भीमराजचा असं त्याच्या मनात आलं. मग पेन खाली ठेवून तो उठला, चपला घातल्या आणि पूल ओलांडून पलीकडे गेला.

सोनूबाई दारात बसून ओली तूर निवडत होती, बुरशी आलेली बाजूला, बरी दिसेल ती सुपात. इकडं पाणी गुडघ्याएवढंच आलं होतं, कारण हा काठ वळणाच्या आतल्या अंगाचा, उंचावरचा. तिनं चंद्रप्रकाशला बसायला डबा दिला आणि चहा ठेवला. कुंडलिक एका पॅकिंगच्या कारखान्यात लागला होता, शनिवारी अर्धा दिवस. त्याला अर्जाचं कळलेलं होतं. सगळ्या वस्तीला कळलेलं होतं. दोघांनी तर सामान बांधायला घेतलं होतं. चंद्रप्रकाशनं बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. शेवटी त्यानं विचारलं की कुंडलिक, सातवी खुंटी आठवते का. कुंडलिकनं बशीतला चहा संपवला.

"मला वाटलं, तुम्ही इसरला," तो म्हणाला. "तुम्ही तिथं राहायला आला तवाच म्या सोनूला म्हणलं, साहेबाला ठावं आसल, त्येंनीच मापलंय. मंग म्या कोण सांगनार?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. आठ वर्षं हा माणूस पलीकडच्या काठावरून रोज या घराकडे बघत होता आणि शिकलेल्या माणसावर विश्वास ठेवत होता. चंद्रप्रकाशला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. तो एवढंच म्हणाला की उद्या सकाळी नऊ वाजता ये, टेप धरायला.

रविवारी ऊन पडलं होतं. बी विंगच्या सगळ्या गॅलऱ्यांतून गाद्या, उशा, सतरंज्या लटकत होत्या. कुंडलिकनं टेपची कडी पुलाच्या कठड्याच्या कोपऱ्यावर धरली, आणि अकरा वर्षांपूर्वीसारखा एक डोळा मिटून उंबराच्या शेंड्याचा रोख बघितला. ती सवय पाहून चंद्रप्रकाशला बरं वाटलं, का ते सांगता आलं नसतं. टेप शंभर फुटांची होती. ती पडलेल्या भिंतीच्या खिंडारातून आत आली, अंगण ओलांडून बी विंगपासून चार पावलांवर संपली. तिथं चंद्रप्रकाशनं विटेच्या तुकड्यानं खूण केली. आणखी चाळीस हवे होते. आता तो खुणेवर टेप धरून उभा राहिला आणि कुंडलिक कडी घेऊन पुढं निघाला, आणि चार पावलांत स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी येऊन थबकला. रोख सरळ गजांमधून आत जात होता. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत शिवदास दाढीचा साबण तोंडाला लावून उभा होता. त्यानं वरून विचारलं की घाडी, झोपड्या पलीकडे आहेत, इकडे काय मोजताय?

"नाला मोजतोय," चंद्रप्रकाश म्हणाला. आवाज मोठा लागला. दोन तीन गॅलऱ्यांतली माणसं गाद्या झटकायची थांबली. "पुलापासून सातवी खुंटी, एकशे चाळीस फूट. नकाशावरनं ती मीच खरवडली. नकाशाच्या कोपऱ्यात माझं नाव आहे, मयेकर. बघून घ्या."

शिवदासला ते लगेच कळलं नाही. साबण तसाच वाळत राहिला. पण खिडकीच्या आत सुगंधा उभी होती, तिला कळत होतं. तिच्या चेहऱ्यावरून एक एक गोष्ट जात होती, ते वा, ती चावी, ते धाडधाड वाजलेलं दार. चंद्रप्रकाशला ते इथून दिसत होतं आणि त्याला पळून जावंसं वाटत होतं. कुंडलिक टेपची कडी हातात घेऊन खिडकीबाहेर अवघडून उभा होता. गजांतून परक्याच्या स्वयंपाकघरात हात कसा घालायचा. मग सुगंधानं ओले हात पदराला पुसले, गजांतून हात बाहेर काढला आणि कडी आपल्या हातात घेतली. टेप खिडकीतून आत सरकू लागली. चंद्रप्रकाश आकडे बघत होता. बारा, वीस, एकतीस. त्यानं चाळीसला थांब म्हणून ओरडून सांगितलं, आणि ती थांबली. आतून अण्णांचा आवाज आला, काय गो, काय मोजतंस?

"अण्णांच्या खाटेखाली येतंय," सुगंधा आतून म्हणाली.

टेप ताणलेलीच होती. हा नकाशा उद्या वॉर्ड ऑफिसात गेला की काय काय होईल हे तिला कळण्याइतकी ती शहाणी होती. या घराला मग कुणी घर म्हणणार नव्हतं. जिन्यात माणसं बोलायची थांबणार होती, परळची चाळ तर केव्हाच सुटली होती, आणि अण्णांना आता कुठले जिने चढवणार. तिनं टेप सोडली असती तरी तिला दोष देता आला नसता. तो तिनं सोडायचीच वाट बघत होता.

"अहो," ती म्हणाली, "मी धरलंय घट्ट. तुम्ही लिहून घ्या."

त्यानं टेपचं टोक विटेखाली दाबलं, खिशातून वही काढली आणि लिहायला लागला.